फुकटच्या हॅम साइट्सवर किती विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचे एक नवीन हॅम (हौशी रेडिओ) ऑपरेटर, लायसन्स नुकतंच हातात आलंय, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सोसायटीला कसंबसं पटवून गच्चीवर एक डायपोल (तारेची साधी अँटेना) टाकलाय आणि रेडिओला लॅपटॉप जोडलाय. पीएसके रिपोर्टर आणि रिव्हर्स बीकन नेटवर्क (आपला सिग्नल कुठे ऐकू आला ते दाखवणाऱ्या साइट्स), वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारे रिसीव्हर), क्लब लॉग हे सगळं फुकट म्हणून वापरायला लागले, पण मध्येच एक साइट दोन दिवस बंद होती तेव्हा धास्ती बसली. उद्या हे सगळं बंद पडलं तर आपलं काय, लॉग (केलेल्या संपर्कांची नोंद) नेमका कुठे ठेवायचा, पैसे भरून काहीतरी घ्यावं का, आणि या साइट्स डोनेशन मागतात ते द्यायचं का, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार आणि लायसन्सबद्दल अभिनंदन. मी बरीच वर्षं एचएफवर (शॉर्टवेव्हवर) आहे आणि यातल्या जवळपास सगळ्या सेवा रोजच्या वापरातल्या आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"कुठली साइट भरवशाची" असं तुम्ही विचारलंय, पण आधी हे बघा की त्या साइटवर तुमचं काय पडलेलं आहे. काही सेवा तुम्हाला फक्त काहीतरी दाखवतात, म्हणजे तुमचा सिग्नल कुठे ऐकू आला, बँड कसा आहे, कोण कुठे कॉल करतंय. ती साइट आठवडाभर बंद राहिली तर गैरसोय होईल, नुकसान काहीच नाही. दुसऱ्या प्रकारच्या सेवांमध्ये तुमच्या वस्तू ठेवलेल्या असतात, तुमचा लॉग, कन्फर्मेशन्स (समोरच्यानेही संपर्क झाल्याची दिलेली पुष्टी), सर्टिफिकेट. तिथे मात्र काळजी घ्यायलाच हवी. या दोन्हींना एकच नियम लावला की माणूस एकतर उगाच घाबरतो नाहीतर उगाच बिनधास्त राहतो.

आणि हे चालवतं कोण हे पण लक्षात घ्या. पीएसके रिपोर्टर मुळात एका हॅमने उभी केलेली साइट आहे. डब्ल्यूएसपीआर, ज्याला सगळे व्हिस्पर म्हणतात, तो मोड २००८ मध्ये जो टेलर यांनी आणला, १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले तेच टेलर, कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) के१जेटी. त्यांनी सॉफ्टवेअर फुकट दिलं, रिपोर्ट गोळा करणारी साइट दुसरे स्वयंसेवक सांभाळतात. रिव्हर्स बीकनचे कान म्हणजे जगभरातल्या हॅमनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या लाइटबिलावर चालू ठेवलेले रिसीव्हर. नोकरी, घरदार सांभाळून ही माणसं रात्री सर्व्हर दुरुस्त करतात. त्यामुळे दोन दिवस साइट बंद असणं यात घाबरण्यासारखं काही नाही, कोणीतरी प्रवासात असेल किंवा डिस्क गेली असेल.

आता या "दाखवणाऱ्या" सेवांचं. तुम्ही लिहिलंय की दुपारी ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, एफटी८ (लॅपटॉपवरून छोटे डिजिटल निरोप पाठवायचा मोड) केलं आणि पीएसके रिपोर्टरच्या नकाशावर दोन-तीनच ठिपके आले म्हणून अँटेना खराब आहे असं वाटलं. इथे थांबा. दुपारी ७ मेगाहर्ट्झवर डी लेयर (वरच्या वातावरणातला एक थर) सिग्नल खाऊन टाकतो, जे जातं ते जवळपासच, काही शे किलोमीटरवर जातं, आणि त्या टापूत त्या वेळी रिसीव्हर चालू ठेवून रिपोर्ट पाठवणारे किती हॅम आहेत? मोजके. म्हणजे तुमचा सिग्नल हैदराबादला छान पोचत असेलही, तिथे ऐकून कळवणारं कोणी नसेल तर नकाशा कोराच दिसणार. हा नकाशा सिग्नल जितका दाखवतो तितकाच ऐकणारे कुठे बसलेत ते दाखवतो. युरोप, जपान, अमेरिका ठिपक्यांनी भरलेली आणि आफ्रिका, मध्य आशिया, आपला भाग विरळ, याचं निम्मं कारण प्रोपगेशन (लहरी कशा पसरतात ते) नाहीच. तोच डायपोल २० मीटरवर चालत असेल तर संध्याकाळी लावून बघा, युरोप उघडला की तेवढ्याच पॉवरवर नकाशा भरून जाईल आणि अँटेनाबद्दलचं तुमचं मत बदलेल.

आकड्यांचंही तसंच. एफटी८ मध्ये उणे १५ डीबी रिपोर्ट आला म्हणजे तिथे आपला आवाज पोचेल असं समजू नका, एफटी८ उणे २० च्या आसपासही डिकोड होतं आणि एसएसबीवर (आवाजी संपर्काच्या मोडवर) आरामात बोलायला सिग्नल नॉइजच्या बराच वर लागतो. रिव्हर्स बीकनचे डीबी वेगळ्या पद्धतीने मोजलेले असतात त्यामुळे एका साइटचा आकडा दुसरीशी ताडून काही निष्कर्ष काढू नका.

मोर्स येत असेल, किंवा शिकाल तेव्हा, रिव्हर्स बीकनवर एक प्रयोग जरूर करा. स्वच्छ फ्रिक्वेन्सी बघून दोन-तीनदा सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक) आणि आपला कॉलसाइन द्या आणि साइटवर स्वतःचा कॉल शोधा. मिनिटभरात एकेक ओळ यायला लागते: ऐकणाऱ्या स्टेशनचा कॉल, तुमची फ्रिक्वेन्सी, सिग्नल किती डीबी, तुमचा स्पीड किती शब्द प्रति मिनिट, आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ. त्यात स्वतःच्या कॉलकडे नीट बघा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हेच करायला लावतो, कारण स्किमर म्हणजे ऐकणारं सॉफ्टवेअर अत्यंत प्रामाणिक असतं. तुम्ही आपल्या कॉलच्या सुरुवातीच्या व्हीयू३ मधला ३ घाईत पाठवलात, शेवटची दोन डॅश आखूड झाली, की तुमचा कॉल दुसराच कुणाचा तरी होऊन दिसतो. माणूस समजून घेतो, मशीन घेत नाही. हात सुधारायला एवढी चांगली आणि फुकट तपासणी दुसरी नाही.

डायपोल उंच करावा का, बाल्कनीतली व्हर्टिकल (उभी अँटेना) बरी का, हे विचारलंय त्याला व्हिस्पर वापरा. याचं एक ट्रान्समिशन जवळपास दोन मिनिटांचं असतं, बँडविड्थ जेमतेम ६ हर्ट्झ, आणि त्यात तुमचा कॉल, चार अक्षरी लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचा कोड, कोल्हापूरचा एमके७६) आणि पॉवर एवढंच जातं. २०० मिलिवॉट म्हणजे २३ डीबीएम पुरे होतात. एक ट्रान्समिशन डायपोलवर, पुढचं व्हर्टिकलवर, असं तास-दोन तास आलटून पालटून करा, कुठल्या मिनिटाला कुठली अँटेना होती ते वहीत लिहा, मग ज्या रिसीव्हरनी दोन्ही ऐकलंय फक्त त्यांचेच रिपोर्ट समोरासमोर मांडा. एकाच रिपोर्टवरून ठरवू नका, फेडिंगमुळे (सिग्नल आपोआप कमीजास्त होतो त्यामुळे) दोन मिनिटांत १० डीबीचा फरक सहज पडतो. बऱ्याच रिपोर्टांचं एकत्र बघितलं की चित्र स्पष्ट होतं, आणि ते बहुतेक वेळा असं निघतं की जवळच्या स्टेशनांना कमी उंचीवरचा डायपोल बरा आणि लांबच्यांना व्हर्टिकल. तुमच्या गच्चीवर काय निघेल ते बिल्डिंगच्या लोखंडावर, पाण्याच्या टाकीवर, लिफ्टच्या मोटरवर अवलंबून आहे, ते इथे बसून मी सांगू शकत नाही, ती वही सांगेल.

वेबएसडीआरबद्दल. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीच्या हॅम क्लबमधला रिसीव्हर बहुतेकांना माहीत असतो, साधारण ० ते २९ मेगाहर्ट्झ सगळं एकाच वेळी शेकडो लोकांना ऐकता येतं. त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो स्वतःचा आवाज ऐकायला. संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झ उघडला की हेडफोन लावून (स्पीकर नको, नाहीतर तोच आवाज माइकमधून परत जातो) कॉल द्या आणि लाइनमध्ये जो उशीर होतो तेवढा थांबून ऐका. माइक गेन जास्त असेल, एएलसी (पॉवर आवरणाऱ्या सर्किटचा मीटर) सतत वर ठोकत असेल, पॉवर सप्लायचा हम जात असेल, सगळं स्वच्छ कळतं. समोरचा हॅम सभ्यपणे "फाइव्ह नाइन" (सिग्नल उत्तम) म्हणून मोकळा होतो, इथे तसं होत नाही.

पण दोन गोष्टी पाळा. पहिली, समोरचा घरी ऐकू येत नाही म्हणून वेबएसडीआरवर त्याला ऐकून क्यूएसओ (संपर्क) पूर्ण केला तर तो डीएक्ससीसीला (किती देशांशी संपर्क झाला याच्या अवॉर्डला) चालत नाही, नियम असा आहे की त्या संपर्कासाठी वापरलेले ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळातच हवेत. काँटेस्टमध्येही साधारण हेच. दुसरी, किवीएसडीआरसारख्या छोट्या रिसीव्हरवर एका वेळी चार किंवा आठच जण बसू शकतात, आणि तो डबा कोणाच्या तरी घरच्या इंटरनेटवर चालतो. ऐकून झालं की टॅब बंद करा, रात्रभर उघडा ठेवून झोपू नका, तेवढ्यात दुसऱ्या कोणाला तरी जागा मिळेल.

आता ज्याची खरी काळजी करायची ते म्हणजे लॉग. माझं मत पक्कं आहे: मूळ लॉग तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर असला पाहिजे, ऑनलाइन जे आहे ती त्याची प्रत. उलटं करू नका. पैसे भरून घेतलेली सेवाही उद्या मालक बदलली, भाव वाढले, बंद झाली असं होऊ शकतं, त्यामुळे पैसे भरणं हा सुरक्षिततेचा मार्ग आहे असं मला वाटत नाही. एडीआयएफ ही लॉगची फाइल साध्या टेक्स्टमध्ये असते, कुठलंही लॉगिंग सॉफ्टवेअर ती वाचतं, नोटपॅडमध्ये उघडूनसुद्धा कळते. लॉग४ओएमसारखं फुकट सॉफ्टवेअर घ्या किंवा सर्व्हर वगैरेची आवड असेल तर वेव्हलॉग स्वतःच्या मशीनवर बसवा, काहीही घ्या, दर महिन्याला एडीआयएफ एक्स्पोर्ट करा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःलाच ईमेलवर. डब्ल्यूएसजेटी-एक्स (एफटी८ चं सॉफ्टवेअर) तर तुमचे एफटी८ क्यूएसओ आपणहून एका एडीआय फाइलमध्ये लिहितच असतं, लॉग फोल्डर उघडून बघा. परवान्याच्या दृष्टीनेही लॉग ठेवणं तुमचं काम आहे, ते कुठल्या साइटवर ढकलता येत नाही.

वेळ यूटीसीमध्येच लिहा. हे नवीन लोकांना दहादा सांगावं लागतं. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे, शिवाय पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड (दोघांचे लॉग जुळवून कन्फर्मेशन देणारी सेवा) दोन्ही बाजूंच्या वेळेत अर्ध्या तासापर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापलीकडे क्यूएसओ जुळतच नाही. "माझं एकही कन्फर्मेशन येत नाही" अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी लॉगमधली वेळ बघतो, आणि बहुतेकदा तिथेच भारतीय वेळ लिहिलेली सापडते.

लॉगबुक ऑफ द वर्ल्ड ही स्वयंसेवकांची सेवा नाही, ती अमेरिकेच्या एआरआरएल या हॅम संघटनेची, २००३ पासूनची, अपलोड फुकट. आपल्यासारख्या बाहेरच्यांना परवान्याची आणि ओळखपत्राची प्रत पाठवून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ते टीक्यूएसएल सॉफ्टवेअरमध्ये बसतं आणि तीन वर्षांनी रिन्यू करायचं असतं. त्या सर्टिफिकेटची बॅकअप फाइल पण पेनड्राइव्हवर टाका, लॅपटॉप फॉरमॅट करताना ती हमखास विसरते. क्लब लॉग हे स्वयंसेवक चालवतात आणि मला ते फार उपयोगी वाटतं, किती देश झाले, कुठल्या बँडवर काय राहिलं ते लगेच दिसतं, आणि एक्स्पिडिशनवाले (दुर्मिळ ठिकाणी जाऊन रेडिओ चालवणारे) आपले लॉग तिथे टाकतात त्यामुळे आपण त्यांच्या लॉगमध्ये आलो का ते त्याच दिवशी कळू शकतं. दोन्ही ठिकाणी प्रत चढवा, मूळ घरी ठेवा.

हे एवढं का सांगतो ते पण बघा. मे २०२४ मध्ये एआरआरएलवर सायबर हल्ला झाला आणि लॉगबुक ऑफ द वर्ल्ड जे बंद पडलं ते १ जुलैला परत आलं, दीड महिना. एवढी मोठी संस्था, पगारी माणसं, तरीही. ट्वेंटेचा वेबएसडीआर नोव्हेंबर २०१० मध्ये बंद झाला तो जुलै २०१२ मध्ये परत उघडला. म्हणजे फुकट असो की संस्थेची असो, बंद पडणं हे गृहीत धरूनच चालायचं. ज्यांचा लॉग घरी होता त्यांनी २०२४ चा तो दीड महिना क्यूएसओ करत काढला आणि जुलैत सगळं एकदम अपलोड केलं, त्यांचं काहीही बिघडलं नाही.

डोनेशनबद्दल. परवडत असेल आणि मनापासून वाटत असेल तर द्या, वर्षातून एकदा एखाद्याच सेवेला दिलं तरी चालतं, ज्याशिवाय तुमचं अडतं तिला. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्यावे लागतात एवढंच. विद्यार्थी असाल, घरखर्च जेमतेम भागत असेल तर अजिबात मनाला लावून घेऊ नका. पण एक गोष्ट तुमच्याकडे अशी आहे जी पैसेवाल्या जर्मन हॅमकडे नाही, आणि माझं सगळ्यात जास्त म्हणणं त्याबद्दलच आहे.

तुम्ही कोल्हापुरात आहात. वर म्हटलं तसं आपल्या भागात ऐकणारे रिसीव्हर कमी. जर्मनीत आणखी एक रिसीव्हर लागला तर नकाशात काही फरक पडत नाही, कोल्हापुरात एक लागला तर केनियाच्या, इंडोनेशियाच्या, ओमानच्या हॅमला पहिल्यांदा कळतं की आपला सिग्नल पश्चिम भारतात पोचतोय. आणि आपल्याच सांगलीच्या, बेळगावच्या, रत्नागिरीच्या नवीन ऑपरेटरला दुपारी ४० मीटरवर नकाशा कोरा दिसणार नाही, जसा तुम्हाला दिसला. आपण हे नकाशे रोज बघतो पण आपल्या बाजूने त्यात भर फार कमी पडते, याचं मला वाईट वाटतं आणि म्हणूनच एवढं लिहितोय.

करायला काही अवघड नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या सेटिंगमध्ये रिपोर्टिंगच्या पानावर पीएसके रिपोर्टरची एक चौकट असते, तिच्यावर टिक करा, कॉल आणि लोकेटर बरोबर भरलाय ना बघा, की तुम्ही जे जे ऐकाल ते आपोआप जायला लागेल. रात्री वापरात नसलेला रेडिओ फक्त मॉनिटरवर (नुसता ऐकत) ठेवला तरी चालतं, ट्रान्समिट नक्की बंद करा. साधा एचएफ रेडिओ रिसीव्हवर १३.८ व्होल्टला एक-दीड अँपिअर घेतो, म्हणजे एका लहान बल्बइतकी वीज. रेडिओ गुंतवायचा नसेल तर रास्पबेरी पाय आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा छोटा रिसीव्हर), व्ही३ किंवा व्ही४ घ्या म्हणजे एचएफसाठी वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं असू द्या, एफटी८ पंधरा सेकंदांच्या स्लॉटवर चालतं, एक-दोन सेकंदांची चूक झाली की डिकोड जातात. सुरुवातीला नॉइज फार दिसेल, घरातले एलईडी ड्रायव्हर आणि स्वस्तातले चार्जर एकेक करून बंद करून बघा, पाण्याचा पंप चालू होतो तेव्हा काय होतं ते बघा. मार्च ते मे वळवाच्या दिवसांत मात्र आभाळ भरलं की आधी गच्चीवरची केबल काढून ठेवा, रिपोर्ट नंतर पाठवता येतील.

आणि प्रोग्रामिंग येत असेल, स्वतःचा नकाशा करायचा असेल, तर त्यांच्या सर्व्हरला दर सेकंदाला विचारत बसू नका. पीएसके रिपोर्टरने पाच मिनिटांतून एकदापेक्षा जास्त विचारू नये असं सांगितलेलं आहे ते पाळा. जुना डेटा हवा असेल तर रिव्हर्स बीकन आणि व्हिस्परच्या आख्ख्या फाइल्स उतरवून घेता येतात, त्या घ्या. साइट बंद दिसली तर रागाने लिहायच्या आधी दुसऱ्या नेटवरून बघा, आणि लिहायचंच असेल तर यूटीसी वेळ, ब्राउझर आणि नेमकं काय दिसलं ते लिहा, चालवणाऱ्याचे दोन तास वाचतात.

एक छोटी सूचना, तुम्ही विचारलेली नाही तरी. ऑनलाइन कॉलबुकात घराचा पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर टाकू नका, ते जगभर दिसतं. चार अक्षरी लोकेटरचा चौकोन आपल्याकडे सुमारे २१० बाय ११० किलोमीटर, सहा अक्षरीचा साधारण ९ बाय ५ किलोमीटर, तेवढ्यावर कोणी तुमच्या दारात येत नाही.

शेवटचा मुद्दा तुमच्या "हे सगळं बंद पडलं तर" याला धरून. पंचगंगेला पूर येतो तेव्हा लाइट जाते, मोबाइल टॉवर जातात, आणि तेव्हा यातलं काहीच उपयोगाचं नसतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, आणि त्यांची टीम एक्स्पिडिशनसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होती, बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांनी एचएफवरून निरोप पोचवले. त्यांच्यासमोर कुठलाही ऑनलाइन नकाशा नव्हता, बँड कुठे आणि कधी चालतो हे कान लावून माहीत होतं. म्हणून रोज थोडा वेळ तरी लॅपटॉप मिटून नुसता व्हीएफओ (फ्रिक्वेन्सीची चकती) फिरवा, सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी हॅम हवेत जमतात तिथे) चेक-इन करा, जवळच्या चार ऑपरेटरांच्या वेळा आणि फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून रेडिओजवळ चिकटवा.

तर लॉग घरी आणि प्रती बाहेर, पेड सेवा आत्ता नको, डोनेशन जमेल तसं, आणि रिसीव्हर मात्र या शनिवारीच लावा. पहिल्या रात्री ४० मीटरवर ठेवा, एफटी८ साठी ७.०७४ किंवा व्हिस्परसाठी डायल ७.०३८६, आणि सकाळी काय काय ऐकू आलं ते इथे टाका, नॉइज किती आहे त्यावरून अँटेना कशी हलवायची ते सांगतो.

७३ (म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा)